उलट ओढ

“तू हे काम करू नकोस, रेवती. मी पुण्याहून कोणाला तरी बोलावतो,” झुबेर सतारमेकर म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता आणि सकाळपासून डॉ. रेवती मगदूम ते कानाआड करत होती.

“माझ्या सरांच्या डोळ्यांत मी घातलंय, मीच काढणार. विषय संपला.”

मिरजेच्या नेत्रयंत्र प्रयोगशाळेत त्या दिवशी कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. टेबलावर चिमटे आणि कात्र्यांचा ट्रे मांडून ठेवलेला, आणि शेजारी काचेच्या बशीत, नमुना म्हणून ठेवलेलं एक पापणी-वलय. दिसायला अगदीच फालतू वस्तू. केसाहून बारीक, आखडणाऱ्या धाग्यांची विणलेली एक लांबट कडी. ती पापण्यांच्या कातडीखाली डोळ्याभोवती बसवायची आणि कानामागे तांदळाएवढी चकती ठेवायची. चकतीनं हुकूम सोडला की कडी आवळते आणि पापणी मिटते. ज्यांच्या चेहऱ्याची नस मेली आहे, ज्यांचा डोळा रात्रंदिवस सताड उघडा राहून बुबुळ वाळून जातं, अशा शेकडो माणसांची नजर या कडीनं वाचवली होती. कल्पना रेवतीची, विणकाम झुबेरचं. झुबेरचं अख्खं घराणं सतारी आणि तंबोरे घडवणारं. पोरानं घरच्या तारा सोडल्या आणि लोकांच्या डोळ्यांत घालायला लागला, असं त्याचे अब्बा अजून चारचौघांत सांगत.

आज ज्यांची वलयं काढायची होती ते डॉ. दिगंबर हुपरीकर. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक, रेवतीचे गुरू. मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली आणि माणूस आडवा झाला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. हात नाही, पाय नाही, जीभ नाही. बाहुल्यासुद्धा समोर खिळलेल्या. पोटातल्या नळीवर जगणं चाललेलं. शेवटी वैद्यकीय समितीनं परवानगी दिली होती आणि त्यांच्या पत्नीनं, इंदूकाकूंनी, होय-नाही करत मान हलवली होती. उद्यापासून नळीतलं अन्न बंद व्हायचं होतं.

“पण आजच काढायला पाहिजे का?” झुबेरनं विचारलं.

“बेडगच्या आजोबांचं विसरलास?”

विसरण्यासारखं नव्हतंच ते. वलय बसवलेले एक आजोबा घरीच वारले. चकतीत वीज शिल्लक होती. प्रेताभोवती बायका आक्रोश करत होत्या, आणि त्यांच्या प्रत्येक उसाशाला आजोबांच्या पापण्या अगदी समंजसपणे मिटत होत्या, उघडत होत्या. निम्मं गाव घाबरून अंगणाबाहेर पळालं. तेव्हापासून प्रयोगशाळेचा नियमच झाला, की जाणाऱ्या माणसाचं वलय आधी उतरवायचं.

“तुझी ती संवादलय,” झुबेर कुरकुरला. “काय गरज होती तिची? दर पाच सेकंदांनी मीट म्हटलं असतं तरी बुबुळ ओलं राहिलं असतं.”

“ठरावीक वेळानं मिटणारा डोळा तू पाहिलायस ना? आपणच केला होता पहिला. त्या पेशंटच्या मुली वडिलांसमोर बसेनात. म्हणाल्या, दुकानातली बाहुली वाटते.” रेवती हातमोजे चढवत होती. “दोन माणसं बोलत असतात ना, तेव्हा त्यांच्या पापण्या जोडीनं पडतात. बोलणारा वाक्याच्या शेवटी थांबतो, त्याची पापणी पडते. त्याच वेळी ऐकणाऱ्याचं लक्ष क्षणभर सैल होतं, म्हणून त्याचीही पडते. पापणी अशी जुळली की समोरच्याला वाटतं, हा माझं ऐकतोय. चकती बोलण्यातल्या विश्रांती ऐकते आणि तिथं पापणी मिटते. एवढंच.”

“एवढंच,” झुबेर म्हणाला. “आणि ती उलट ओढ?”

“ती तर मोडून काढायलाच हवी होती. पापण्या मध्येच फडफडायच्या, वर ओढल्या जायच्या. नातेवाइकांच्या तोंडचं पाणी पळायचं. मेलेल्या नसेची थरथर ती. म्हणून तर नियम घातला, की पापणी जेवढ्या जोरानं वर जाईल तेवढ्याच जोरानं वलयानं ती दाबून धरायची.”

आता इथं जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पापणी मिटणं आणि पापणी उघडणं ही एकाच स्नायूची दोन कामं नव्हेत. मिटतो तो डोळ्याभोवती गोल फिरलेला वलयस्नायू. त्याचा हुकूम मेंदूतून निघणाऱ्या सातव्या, म्हणजे चेहऱ्याच्या नसेतून येतो. उघडतो तो उचलस्नायू, आणि तो राहतो भलतीकडेच. डोळ्याची खोबण ही मागं निमुळती होत गेलेली हाडांची खोली. तिच्या पार आतल्या टोकापासून हा स्नायू निघतो, डोळ्याच्या गोळ्यावरून पुढं येतो, पातळ पांढऱ्या पडद्यासारखा पसरतो आणि वरच्या पापणीतल्या ताठ पट्टीला चिकटतो. त्याचा धनी तिसरी नस. सातवी मेली म्हणून तिसरी मेलीच पाहिजे असं मुळीच नाही. रेवतीला हे पाठ होतं. झुबेरलाही होतं. पण डोळ्याचे डॉक्टर बुबुळाला जपतात. ते वाळू नये म्हणून रात्रंदिवस मिटण्याचाच विचार करतात. पापणी उघडण्याची काळजी कोणी केलीच नाही.

इंदूकाकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. रेवती त्यांच्यासमोरून गेली तेव्हा त्यांनी नुसतं वर पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. पूर्वी त्या अशा नव्हत्या. पहिली दोन वर्षं नवऱ्याच्या उशाशी बसून त्या तासन् तास बोलत. शेजारणीची सून, दुधातलं पाणी, कॉलेजातली भांडणं, सगळं. सरांच्या पापण्या त्यांच्या शब्दाशब्दाला साथ देत. “बघ, रेवती, ह्यांना कळतंय सगळं,” त्या म्हणायच्या. रेवतीला ते ऐकवेना. खोट्या आशेवर म्हाताऱ्या माणसाला झुलवत ठेवायचं, हे कसलं विज्ञान? एक दिवस तिनं रेडिओ लावला. सांगलीच्या हळदीचे भाव चालले होते. सरांच्या पापण्या हळदीच्या भावांनाही तितक्याच मायेनं मिटत राहिल्या. “पाहिलंत ना काकू? ऐकतंय ते यंत्र. सर नाहीत त्यात.” मेंदूच्या तपासण्या पुन्हा करू या का, असं काकूंनी चाचरत विचारलं, तेव्हाही तीच म्हणाली होती, की उगाच जिवाला त्रास. त्या दिवसापासून काकूंचं बोलणं बंद झालं. अंग पुसायच्या, कूस बदलायच्या आणि गप्प राहायच्या.

रेवतीनं सरांच्या पापण्यांत भूल दिली. नियमानं गरज नव्हती, पण सवय जात नाही. मग पापणीच्या घडीवर बारीक चीर घेतली, वलयाचे धागे एकेक करून सोडवले, आणि कडी उचलताना तिचा हात थांबला.

“झुबेर, इकडे ये.”

उचलस्नायूचा तो पांढरा पडदा पट्टीला चिकटलेला नव्हता. नुसता सैलही नव्हता. फाटून वर सरकला होता, आणि त्याच्या कडा जुन्या पातळासारख्या विरलेल्या होत्या. तिनं घाईनं दुसरा डोळा उघडला. तिथंही तेच.

“मेलेला स्नायू वाळतो,” ती हळू म्हणाली. “बारीक होतो, सैल पडतो. पण तो आपला पडदा फाडत नाही. दोरी तुटायची तर कोणीतरी ओढणारं लागतं.”

उतरवलेलं ते वलय झुबेरनं भिंगाखाली धरलं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि मग खुर्चीत बसला. “वरच्या कमानीत, आतल्या अंगाला, एकाच जागी खाच पडलीय. सतारीच्या घोडीवर तार घासून पडते ना, तशी. थरथर असती तर सगळीकडे सारखं झिजलं असतं. हे एकाच दिशेनं झिजलंय. पुन्हा पुन्हा, ताणून.”

दोघांनाही आता कळून चुकलं होतं. वलय बसवलं तेव्हा सर खरोखरच बेशुद्ध होते, तपासण्या तेव्हाच्याच, समितीसमोरही त्याच गेल्या. त्यानंतर कधीतरी, काही आठवड्यांनी असेल, काही महिन्यांनी असेल, ते जागे झाले. सगळं शरीर बंद. शाबूत राहिला तो तिसऱ्या नसेचा एक धागा. शरीररचनेचे प्राध्यापक ते. आपल्याकडे काय उरलंय हे त्यांना लगेच कळलं असणार. त्यांनी पापणी उचलली. वलयानं ती दाबली. त्यांनी अधिक जोर लावला. वलयानं, रेवतीच्याच नियमानं, तेवढाच अधिक जोर लावला. मी आहे, मी आहे, असं तो माणूस आतून ओढत राहिला, आणि बाहेरून त्याच्या पापण्या हळदीच्या भावांना होकार देत राहिल्या. शेवटी पडदा फाटला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात. इथं मारुतीही झाला नव्हता, झाली होती ती कोठडी.

“शिवता येईल?” झुबेरनं विचारलं.

तिनं ध्वनिलहरींनी खोबणीचं चित्र घेतलं, यंत्रावर पाहिलं आणि नकाराची मान हलवली. पडद्यामागचा स्नायू चरबी होऊन गेला होता. शिवायचं तरी कशाशी?

“मग आता कळायचं कसं? कदाचित आपलाच गैरसमज असेल.”

“आणखी एक स्नायू आहे पापणीत,” रेवती म्हणाली. “उचलस्नायूच्या पोटाखाली, एवढासा. तो माणसाच्या मर्जीत नसतो. दचकलो, चिडलो, घाबरलो की आपोआप आवळतो आणि पापणी दोन मिलिमीटर वर जाते. सर त्याला चहाडखोर म्हणायचे. वर्गात सांगायचे, तोंड खोटं बोलेल, भुवया नाटक करतील, पण हा चहाडखोर धन्याचं ऐकत नाही. जे मनात आलं ते सांगून मोकळा होतो.”

भूल उतरेपर्यंत दुपार झाली. सरांना खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलं होतं. पापण्या अर्ध्यावर ओघळलेल्या, निश्चल. रेवती खाटेशी स्टूल ओढून बसली. झुबेरनं मोजणीचा कॅमेरा लावला, पण त्याची गरज पडणार नव्हती.

“सर, मी रेवती. रेवती मगदूम.”

पापणी किंचित वर गेली, खाली आली. पण नुसत्या आवाजानंही तसं होतं. कोणी हाक मारली की झोपेतला माणूसही हलतो. तेवढ्यावर विसंबायचं नव्हतं. मग तिला परीक्षेची खोली आठवली. तोंडी परीक्षेत सरांसमोर चुकीचं उत्तर दिलं, की ते बोलायचे नाहीत. पण अंगावर वीज पडल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. बाकी काहीही सहन करतील, रचनाशास्त्रातली चूक त्यांना सोसवायची नाही. तिनं सरळ, एकाच सुरात म्हटलं, “डोळ्याची खोबण सात हाडांची बनते.”

काही नाही.

“डोळ्याची खोबण पाच हाडांची बनते.”

पापणी टचकन वर गेली.

रेवतीनं तोच सूर ठेवला. “अश्रुग्रंथी खोबणीच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात असते.” शांत. “अश्रुग्रंथी नाकाच्या बाजूला असते.” वर. “पापणी उघडते ती सातव्या नसेच्या हुकुमानं.” ही मात्र इतक्या जोरात गेली आणि इतका वेळ वर राहिली, की झुबेर हसला आणि हसता हसताच त्यानं डोळ्यांवर हात दाबले. “अगं, चिडले! सर चिडले!”

रेवती उठून बाहेर गेली. काकूंना सांगण्याआधी ती भिंतीला टेकून थोडी उभी राहिली, मग त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. नियम कोणी घातला, तेही सांगितलं.

काकू ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी बोलायची, तेव्हा हे ऐकत होते?”

“हो, काकू.”

“आणि मी बोलायचं सोडलं, तेव्हाही जागेच होते?”

रेवतीनं होकाराची मान हलवली.

“चार वर्षं,” काकू म्हणाल्या. “अगं, पोरी, चार वर्षं मी ह्यांच्याजवळ भिंतीसारखी बसले.” पदराचा बोळा त्यांनी तोंडावर धरला आणि बराच वेळ काढला नाही. मग उठल्या, पाय घासत खोलीत गेल्या, आणि नवऱ्याच्या उशाशी, पूर्वी बसायच्या तशाच, एक पाय वर घेऊन बसल्या.

“आता विचार ह्यांना. नळी बंद करायची का ठेवायची?”

“विचारून उपयोग नाही, काकू. होय-नाही म्हणायचा स्नायू आता राहिला नाही. आपण ठाम सांगायचं. जे ह्यांना पटणार नाही, चुकीचं वाटेल, त्याला पापणी उठेल. थांबवणं त्यांच्या हातात नाही.”

“ठाम म्हणजे काय सांगू? मरा म्हणून सांगू?”

“मी सांगते मग.”

“तू नको.” काकूंनी तिला हातानं अडवलं. नवऱ्याच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग एकदम, भांडायला उठल्यासारखं म्हणाल्या, “तुम्हाला माझा कंटाळा आलाय. तुम्हाला आता सुटायचंय. मी इथं नको आहे तुम्हाला.”

पापणी उठली. दोन मिलिमीटर म्हणजे काय असतं? तांदळाच्या दाण्याची जाडी. पण खोलीतल्या तिघांनाही ती दिसली, आणि ती खाली यायलाच तयार नव्हती.

“तुम्हाला अजून राहायचंय,” काकू आता रडत म्हणाल्या. “माझं ऐकत राहायचंय.”

पापणी हळूहळू उतरली आणि स्वस्थ झाली. काकूंनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, मग उलटं म्हणून पाहिलं. उत्तर बदललं नाही. झुबेर बाहेर जाऊन समितीच्या डॉक्टरांना फोन करू लागला. नळी बंद होणार नव्हती, हे त्याचं मोठमोठ्यानं सांगणं आत ऐकू येत होतं. काकूंनी नवऱ्याचा हात हातात घेतला आणि बोलायला लागल्या. चार वर्षांत किती साठलं होतं! शेजारणीची सून आता स्वतःच सासू झाली होती. कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत कोण बसतं, गेटवरचं बकुळीचं झाड कोणत्या वादळात पडलं, सगळं मागंपुढं होत बाहेर येत होतं. पापणी मध्येच उठे, मध्येच बसे. कशाला उठे आणि कशाला नाही, हे पाहून काकू हसायच्या, मग पुन्हा डोळे पुसायच्या.

रेवती भिंतीशी उभी होती. इतका वेळ तिनं स्वतःला धरून ठेवलं होतं. सहा वर्षांपूर्वीची सरांवरची ती शस्त्रक्रिया तिला आठवत होती, बाहेर आल्यावर सगळ्यांनी केलेलं अभिनंदन आठवत होतं. ती पुढं आली, खाटेच्या पायथ्याशी वाकली, आणि सरांच्या पायांवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

काकूंचं बोलणं थांबलं. त्यांनी हात लांब करून तिच्या पाठीवर ठेवला. त्यांच्या मनात राग नव्हता असं नाही. पण समोर पोर रडतेय आणि आपण कोरडं बसायचं, हे त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं.

“उठ गं, पोरी. तुला काय स्वप्न पडलं होतं? तू ह्यांच्या भल्यासाठीच केलंस. तुझी काही चूक नाही त्यात.”

आणि म्हणता म्हणता, दुपारपासूनच्या सवयीनं, त्यांची नजर सरांच्या डोळ्यांकडे गेली. रेवतीचीही गेली.

पापणी वर गेली होती.

“अहो, असं काय करता?” काकू गडबडून म्हणाल्या. “लेकीसारखी आहे ती तुमची. किती वर्षं येतेय, कोणी आलं असतं का एवढं? अहो, ऐका ना. सोडा की आता.”

सर कदाचित ऐकतही असतील. कदाचित त्यांनी केव्हाच सगळं सोडून दिलं असेल. आतल्या आत म्हणतही असतील, की जाऊ दे, रेवती, उठ. तसं खुणेनं सांगू शकणारा स्नायू रेवतीनं फाडला होता, आणि जो उरला होता त्याला कोणाचं मन राखता येत नव्हतं.

“राहू द्या, काकू,” रेवती म्हणाली. “त्यांना बोलू द्या.”

ती उभी राहिली, डोळे पुसले, आणि पापणी खाली यायची वाट पाहत राहिली. काकू दुसरं काहीबाही बोलायला लागल्या, झुबेर फोन संपवून आत आला, खिडकीतलं ऊन खाटेवरून जमिनीवर उतरलं. पापणी अजून वरच होती.